आप्पांच्या हसण्याचा रोल

दिल्ली छावणी

तीर्थरूप आईला वीरधवलचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा हाय. जेवण येळेवर मिळतंय, थंडीबी सोसती. फोनवर माझा आवाज ऐकला की तू रडतीस, म्हणून लिहितोय. गुडघा कसा हाय? म्हैस व्याली का?

माझ्या त्या प्लास्टिकच्या कॅमेऱ्याचा रोल इथं धुवून घेतला. फोटो एकबी आला न्हाई. उजेड लागून सगळा रोल काळा पडलाय. खेळण्यातला कॅमेरा तो, फटीतनं उजेड शिरला आसंल.

मोबाईल धरला की आप्पा तोंड फिरवायचे. बेंदराला मात्र हे खेळणं बघून, बैलाच्या पाठीवर हात टाकून पोटभर हसले व्हते. आप्पा गेल्यापासनं त्या हसण्याच्याच आशेवर व्हतो.

दसऱ्याला विळा-खुरप्यासंगं तू कॅमेऱ्याचीबी पूजा केलीस. ट्रॅक्टरचं बॉनेट उघडावं तसं त्याचं मागचं झाकण उघडून आत हळदकुंकू वाहिलंस. लेकाचं हत्यार म्हणून केलंस, बरं केलंस. त्यानं रोलला काय झालं न्हाई, मनात आणू नको.

वर्षश्राद्धाला आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून घे. त्यात आप्पा रागावल्यावानी दिसत्यात, पण लग्नातले फोटो पुरात गेले आन् आता दुसरा न्हाई.

आष्ट्याला फोटोवाल्याकडं जाशील तवा ह्या रोलचं त्याला काय इचारू नको. फोटो घे आन् सरळ घरी ये.

तुझा
वीरधवल