वॉलमनची बायको

१२ नोव्हें., अकोला
माह्या हृदयाचा वॉल बदला लागते म्हणे. लहानपणीच्या सांधेतापानं खराब झाला. आमचे हे पाणीपुरवठ्यात वॉलमन. सारी जिनगी जुन्या शहरातले वॉल खोलण्यात गेली अन् बिघडला तो घरातलाच. गल्लीत याचाच हासा. मीही हासली. हे नाई हासले.

१५ नोव्हें.
ह्यायले म्हटलं, मले भेव वाटून राह्यलं. वॉलची लांब चावी सायकलले बांधली न् निंगून गेले. पाणी उशिरा सुटलं का बाया ह्यायच्यावर तुटून पडतात, तवाही हे असेच निंगून जातात. पण मी का गल्लीतली बाई आहो?

२० नोव्हें., अमरावती
दवाखान्यात भरती. पोरीचं सासर इथंच, म्हणून इथं. सोनू म्हणे आई, काई नाई होत. हात तिचेच थंडगार. मनात एकच, घरी वापस जाईन का. ह्यायनं डॉक्टरले इचारलं, "लोखंडाचा बसवता का पितळेचा?" डॉक्टर हासले. मले रडू आलं.

२९ नोव्हें.
जिती आहो. खोकला आला का उशी छातीशी कवटाळा लागते. घडीघडी रडू येते, कारण काईच नाई. अन् छातीत टिकटिक. नव्या वॉलचा आवाज. सोनूलेही आयकू येते. जन्मभर राहीन म्हणे.

१४ डिसें., अकोला
घरी. हे समोरच्या खोलीत झोपून राह्यले. म्हणे तुले धक्का लागन. चहा, गोळ्या, सारं टायमावर. माह्याकडे पाहत नाईत.

२६ डिसें.
आवाजाचं भेव नाई वाटत. तो थांबन याचं वाटते. दिवसभर तेच आयकणं, दुसरं काई सुचतच नाई. कोणाले सांगू? सोनूले सांगतलं त् तिची झोप जाईन. ह्यायले...

३ जाने.
आज हिंमत केली. रस्त्यावर ओणवे होऊन पाइपाले कान लावतात हे, पाणी आलं का पाह्याले. म्हटलं, "इथंही लावा ना एकदा. आयका, चालू हाय का."
उभेच राह्यले. डोळे भरले होते ह्यायचे, मी पाह्यले. मंग कोपऱ्यातली चावी उचलली.
"पाणी सोडाचं हाय," म्हणे, अन् भाईर गेले.
पाणी त् कालच सोडलं. आता चार रोज नळाले सुट्टी. सायकल दारातच उभी हाय.