गोचीड पडद्याला चिकटली त्या दिवशी

बाबा, तुम्ही ससे सांभाळायचात ती खोली आता राहिली नाही. मी नव्या रायपूरच्या एका प्रयोगशाळेत आहे. इथले रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि बस येईल तेव्हा खरी. थांब्यावर बसले की डोळे आपोआप मिटतात आणि तुमची खोली दिसू लागते.

दुपार आहे. रायपूर नुकतंच राजधानी झालंय, सगळी ऑफिसं जागा शोधत फिरताहेत, पण गुरांच्या दवाखान्यामागच्या तुमच्या दोन खोल्यांना कुणी विचारत नाही. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, तुमचा डबा घेऊन आले आहे. ओल्या पाल्याचा वास, पंख्याची घरघर, आणि ससे कुरतडत असल्याचा तो बारीक, न संपणारा आवाज. प्रत्येकाच्या कानांना कापडी पिशव्या, पिशव्यांत गोचिडी. संशोधनासाठी गोचिडी वाढवायच्या तर त्यांना रक्त हवं, आणि ते सशाचं. कान ओरबाडू नयेत म्हणून गळ्यात पुठ्ठ्याचा रुंद पट्टा. तुम्ही पाला आणायला गेलात. एक पांढरी सशीण मान वाकडी करून माझ्याकडे पाहत राहिली. मी तिचा पट्टा सोडला. पाचच मिनिटं, असं मनाशी म्हटलं.

तुम्ही परत येईस्तोवर तिनं दोन्ही पिशव्या फाडल्या होत्या. एरंडाच्या बियांसारख्या फुगलेल्या गोचिडी जाळीवर चिरडून पडल्या होत्या. ते संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडमची कित्येक महिन्यांची मेहनत. त्या दारात आल्या, मी बोलणार तोच तुम्ही म्हणालात, "मॅडम, पट्टा हमसे ढीला रह गया."

घरी येताना तुम्ही सायकलवर बसलाच नाहीत, हातात धरून चालत राहिलात. बीरगांवच्या वळणावर विचारलंत, "काहून सोडला?"

"तिले त्रास होऊन राहिला होता."

"मले दिसत नाही का? मी रोज पायतो." मग बरंच चालून झाल्यावर, "पण गाईच्या तापावर काही सापडते का, ते मॅडम त्याच गोचिडीत शोधून राहिल्या. सोडाच्या आधी मले इचारून घेतलं असतं, पोरी."

पुढच्या आठवड्यात तुम्हाला गोठ्यावर पाठवलं. निवृत्तीपर्यंत शेणच उपसलंत. सशांच्या खोलीतला नवा माणूस भेटला की पांढरी कशी आहे, एवढं मात्र विचारायचात.

मी ज्या कामात शिरले ते त्या दुपारीमुळेच, हे तुम्ही होतात तोवर तुम्हाला कधी सांगितलं नाही. सशाशिवाय गोचीड पोसायची. पातळ कागदावर सिलिकॉन पसरून त्वचेसारखा पडदा करायचा, त्याखाली न गोठणारं गाईचं रक्त अंगाएवढं कोमट ठेवायचं, ते सकाळ-संध्याकाळ बदलायचं. किती तरी महिने काही जमलं नाही. पडदा फाटायचा, रक्त नासायचं, गोचिडी भांड्याच्या काठावर नुसत्या फिरत राहायच्या, जशा घराची वाट विसरल्यात. मग पडद्यावर गाईचे केस पसरले. एका सकाळी माझ्यासोबत काम करणारी मुलगी हळूच म्हणाली, "दीदी, चिपक गई." मी वाकून पाहिलं. पाय आखडून, डोकं खाली घालून एक गोचीड पडद्यावर शांत बसली होती. मला वाटलं, तुम्ही पाला घेऊन दारात उभे आहात आणि मी वळले तर जाल. म्हणून मी वळले नाही.

गेल्या आठवड्यात त्या गोचिडींनी अंडी घातली. काल आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तुमची सशांवरची नोकरी गेली ती तुमच्या दुर्लक्षामुळे, असंच ती इतकी वर्षं मानत आली आहे. तुम्ही तिला कधी खरं सांगितलं नाही, तिची बोलणी ऐकून घेतली. मीही गप्पच राहिले.

"म्हणजे आता सशाले पट्टा बांधा लागत नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं झालं. तुह्या बाबाले तं तोही धड बांधता आला नाही."

सांगायची वेळ तीच होती, बाबा. मी तिच्या हातातली जुडी घेतली आणि मान हलवून "हव" म्हणाले.