गिअर ढिला करून द्या म्हणे

६ ऑगस्ट
पालमच्या चौकात आज पुन्हा शोभा. पहिला गिअर टाकला, पडला तिसरा. गाडी बंद. मागे टेम्पोवाला, त्याचा हॉर्न थांबेना. हे शेजारीच. चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. गाडी चांगली हाय, तुझा हात वाईट हाय." मला उतरवून स्वतः बसले. गेली की लगेच!
घरी आल्यावर वर धमकी. "अजून एकदा असं झालं की चावी माझ्याकडं. तू एसटीनं जा शाळेला." शाळेच्या गावाला सकाळची एसटी नाही, हे यांना माहीत आहे. म्हणजे पुन्हा यांच्या मोटारसायकलवर मागे, यांची मर्जी असेल तेव्हा. लग्नापासून तेच केलं. आता नाही.

८ ऑगस्ट
रशीदभाईंचं गॅरेज. सासऱ्यांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हातात. म्हटलं, गिअरची दांडी लुळी पडलीय. त्यांनी सगळे गिअर टाकून दाखवले. "सब बराबर हाय मॅडम. साहेबांकडून जरा शिकून घ्या." गाडीखाली डोकावलेसुद्धा नाहीत. संताप नुसता.
पण मी बघत होते. प्रत्येक गिअरला दांडी आधी डावीकडे लोटतात, पार शेजारच्याच्या गुडघ्यापर्यंत. हेही तसंच करतात. दोघांचे हात गाडीच्या खोडीला सरावलेत, त्यांना कळतही नाही. मी नवी, म्हणून मी वाईट.

१० ऑगस्ट
गंगाखेडला नेली. यांना न सांगता. तिथला मेकॅनिक ही गाडी कधी न चालवलेला. पहिला टाकला, पडला तिसरा! जिवाला थंडावा. खाली शिरून म्हणाला, "ताई, दांडीच्या जोडातला बुश पार झिजलाय. कशी काय चालवायलाव तुमी?" एवढासा तुकडा, आणि त्याच्यापायी भर चौकात माझी अब्रू. नवा बसवला. येताना डावीकडे न लोटता दांडी नेली तिथं गेली. गाडीत एकटीच मोठ्यानं शिव्या दिल्या. कोणाला ते लिहीत नाही.

१२ ऑगस्ट
आज यांनी गाडी काढली. सवयीनं दांडी डावीकडे. गल्लीतच तिसरा टाकायला गेले, पडला पहिला. असा आचका की माझं डोकं काचेला लागता लागता राहिलं.
"काय केलीस गाडीला?"
सांगितलं बुशचं.
"कुणाला इचारून?"
म्हटलं, गाडी नीट झालीय, तुमी हात बदला.
"माझ्या बापाची गाडी हाय. मला शिकवू नको."
जेवले नाहीत. नका जेवू.

१३ ऑगस्ट, शाळेत
सकाळी गाडीच नाही अंगणात. शाळेतल्या शिंदे बाईंच्या स्कूटीवर आले. मधल्या सुट्टीत रशीदभाईंचा फोन. "मॅडम, साहेब आलेत. गिअर पहिल्यासारखा ढिला करून द्या म्हणायलेत. करू काय?"
आधी हसू आलं. मग डोकं सणकलं. चांगली गाडी बिघडवायला तयार, स्वतःचा हात बदलायला नाही!
म्हटलं, मी येईपर्यंत पाना लावू नका.
"साहेब हितंच बसलेत मॅडम..." मागून यांचा आवाज, "ठेव म्हणावं फोन." कट.
पुन्हा लावला, उचलत नाहीत. रजेचा अर्ज दिला. शिंदे बाईंनी न विचारताच स्कूटी बाहेर काढून ठेवलीय. ढिला केला असेल तर उद्या पुन्हा गंगाखेड. परवा यांनी पुन्हा ढिला केला तर तेरवा पुन्हा. निघते.