सत्तावीस नंबरचं गजकर्ण

औराद, गुरुवार, दुपार

तीर्थरूप दाजी, तुमच्या पायांवर अंकुशचा नमस्कार, तोही लांबूनच, कारण सध्या मी कुणाला शिवत नाही. अक्कालाही नमस्कार सांगा. तुमच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? डेपोतून निवृत्त झाल्यावरही तुम्ही रोज सकाळी कलबुर्गीच्या स्टँडवर जाऊन गाड्या वेळेवर सुटतात का ते बघता असं ऐकलं. सुटतात का? इकडं सगळं ठीक. शोभा बरी आहे, दुकान बरं आहे, तूर बरी आली. फक्त मला गजकर्ण झालंय. कुठं ते विचारू नका. माणूस जिथलं कुणाला दाखवत नाही तिथं, आणि तिथलंच मी गेले तीन महिने बीदरला दर पंधरा दिवसांनी अनोळखी लोकांना दाखवायलोय. त्याची हकीगत सांगण्यासाठी हे पत्र.

तुम्ही म्हणाल, मेडिकल दुकानवाल्याला खाज कशी राहील? मलाही तेच वाटलं होतं. माझ्या दुकानातली ती हिरव्या टोपणाची ट्यूब तुम्हाला माहीत आहे. औरादमध्ये नायटा, पुरळ, डास, काळा डाग, नवरीचा चेहरा, सगळ्यावर तीच. वीस वर्षं मी ती विकली, आणि चिठ्ठी कधी मागितली नाही (चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं). मीही तीच लावली. दोन दिवसांत खाज गेली, आठव्या दिवशी बायकापोरांसकट परत आली. पुन्हा लावली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि दर वेळी वर्तुळ मोठं. शेवटी शेवटी गिऱ्हाईक समोर उभं असताना मी काउंटरच्या कोपऱ्याला टेकून आडवा-उभा हलायचो आणि तोंडानं "डोस जेवणानंतर" म्हणायचो. शोभानं माझे कपडे वेगळ्या बादलीत टाकले, वेगळ्या दोरीवर वाळवले आणि एक दिवस म्हणाली, "उद्या बीदरला जावा, न्हाईतर तुम्हालाच त्या दोरीवर घालते."

गेलो. नौबादच्या बाजूला एका दवाखान्यात चामडीच्या आजारांवर संशोधन चाललंय, तपासणी आणि औषध तिथंच मिळतं, असं कळलं होतं. विभागाच्या दारावर मोठी पाटी: त्वचारोग व गुप्तरोग. दाजी, हे दोन आजार एका पाटीवर कुणी आणले देव जाणे. मी तोंडावर मास्क चढवला आणि मुद्दाम डाव्या अंगाला, बरोबर "त्वचारोग" या अक्षरांखाली जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं बघतो तर सगळी रांग डावीकडंच. उजव्या अंगाला एकटा पंखा फिरत होता.

आत नाव विचारत नाहीत, नंबर देतात. मला सत्तावीस मिळाला. संशोधनं दोन होती, एक आमच्या गजकर्णाचं, त्याचा कागद हिरवा, आणि दुसरं उजव्या अंगाच्या आजारांचं, त्याचा कागद गुलाबी. सत्तावीस नंबर दोन्हीकडं होता. शिपायानं "सत्तावीस!" म्हणून हाक मारली आणि मी उठून जी पहिली खोली उघडी दिसली तिच्यात गेलो.

आत निलम्मा नावाच्या समुपदेशक बाई होत्या, चाळिशीच्या, चष्मा, अगदी शांत चेहरा. "मोकळेपणानं बोला," त्या म्हणाल्या, "इथलं बोलणं ह्या खोलीबाहेर जात न्हाई." मग कागद ओढून पहिलाच प्रश्न, "तुमचे पार्टनर किती?"

आता बाहेर मी धंद्याच्या रकान्यात मेडिकल दुकान लिहिलं होतं. मला वाटलं, दुकानाची चौकशी आहे. हुमनाबादचा मारोती आणि भालकीचा संगमेश्वर माझे भागीदार, हे तुम्ही जाणताच.

"दोन," मी म्हणालो. "आधी तीन होते. एक भांडून गेला."

"बाया का पुरुष?"

"पुरुषच. बायांना कामून गुंतवायचं ह्यात?"

"घरी माहिती हाय?"

"माहिती म्हणजे? बायकोच्या सहीनंच तर सुरू झालं."

बाईंचा पेन जरा थांबला, पण चेहरा हलला नाही. (शिक्षण असं पाहिजे, दाजी.) "किती वर्षं झाली?"

"वीस. दर अमावास्येला दुपारी भेटतो. शटर अर्धं ओढतो आणि तिघं बसतो."

"तिघं. बरं. काळजी घेता ना?"

"कसली काळजी? सगळं विश्वासावर चाललंय."

"दादा," त्या फार मायेनं म्हणाल्या, "विश्वास चांगलाच. पण विश्वासानं आजार थांबत न्हाई." आणि त्यांनी ड्रॉवर उघडून एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं. मी ते पाकीट बघितलं. माझ्या दुकानात खालून दुसऱ्या फळीवर असतं ते. वीस वर्षं मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून, गिऱ्हाइकाकडं न बघता दिलंय. कुणी मला ते असं उघड्या हातानं पहिल्यांदाच देत होतं. मग एकेक प्रश्न मागून पुढून माझ्या डोक्यात फिरला, आणि मी मास्कच्या आत घामानं भिजलो.

"बाई," मी म्हणालो, "पार्टनर म्हणजे दुकानातले!"

त्यांनी माझा कागद उचलून बघितला. हिरवा. उठून दार लावलं, परत येऊन बसल्या, पदर तोंडाला लावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसलो. काय करणार? पण हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एक सांगू? तुम्ही जसं न लाजता बोलला तसं आमचा पेशंट बोलला तर आमचं निम्मं काम होतंय. लोक येतात, बसतात आणि पायाचं दुखणं सांगून जातात."

बाहेर आलो तर भिंतीला टेकून एक माणूस बसला होता, मान खाली, हातात गुलाबी कागद, नंबर सत्तावीस. कल्लप्पा, हुमनाबादकडचा लॉरी ड्रायव्हर. (खरं नाव हे नाही. तेवढं मी आता शिकलोय.) बाकीचे लोक त्याच्यापासून हातभर सरकून बसले होते. एरवी मीही सरकलो असतो. पण नुकतंच माझं जे काही झालं होतं, त्यानंतर मला सरकायला तोंड राहिलं नव्हतं. मी त्याच्याशेजारी बसलो. तो म्हणाला, "आत लई विचारतेत का?" मी म्हणालो, "विचारतेत. पण बाई भल्या हायत. माझं ऐकूनसुद्धा हाकललं न्हाई." तो उठला, दोन पावलं मागं आला, मग गेला आत. अर्ध्या तासानं बाहेर आला तेव्हा मान वर होती. म्हणाला, गोळ्या-सुईनं बरं होतंय, पण बायकोलाही आणायला सांगितलंय, आणि ते सांगणं सुईपेक्षा अवघड आहे.

मग माझा खरा नंबर लागला. डॉक्टर शैलश्री म्हणून आहेत, वयानं तरुण, आपल्या ज्योतीएवढ्या, कन्नड वळणाचं गोड मराठी बोलतात. त्यांनी मला पडद्याआड बसवलं आणि आधी शेजारच्या बाईंना तपासायला घेतलं. आवाज ऐकला आणि मी मास्क आणखी वर ओढला. आमच्या गल्लीतली दानम्मा! डॉक्टरांनी विचारलं, आजवर काय लावलं? दानम्मानं पिशवीतून हिरव्या टोपणाची ट्यूब काढली असणार, कारण डॉक्टर म्हणाल्या, "परत हीच. ही कुणी दिली, आजी?"

"आमच्या अंकुशरावनं," दानम्मा म्हणाली. "लई गुणाचा माणूस. चिठ्ठी मागत न्हाई, येळ घालवत न्हाई. नातीच्या तोंडालाबी हेच लावतो आमी."

पडद्याच्या फटीतून तिचा हात दिसला. चामडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, खालच्या शिरा दिसत होत्या, दंडावर लाल रेघा. डॉक्टर कन्नडमध्ये समजावून सांगत होत्या की ह्या ट्यूबमधलं एक औषध खाज दाबतं आणि आत नायटा फोफावतो, चामडी विरत जाते, आणि नातीच्या चेहऱ्याला तर हे अजिबात नको. दाजी, मी औषधाचा डिप्लोमा केलाय. हे सगळं ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. वाचलं होतं मी, पण वीस वर्षांपूर्वी, परीक्षेपुरतं.

डॉक्टर माझ्याकडं आल्या. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, जिथून हट्टी गजकर्णाचा पेशंट आला तिथं लाल टाचणी. औरादच्या स्टँडभोवती टाचण्या इतक्या की गाव दिसत नव्हतं. "सत्तावीस, तुम्ही पण औरादचेच," त्या म्हणाल्या. "ह्या अंकुशरावना मला एकदा भेटायचं आहे. ओळखता?"

मास्क होता. नंबर होता. मला नुसतं "न्हाई" म्हणायचं होतं. मी मास्क काढला. "बाई, भेटलात की," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत, हेच जड गेलं. त्यांनी माझी मांडी बघितली, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला आणि विचारलं, "तुम्ही स्वतः पण तीच ट्यूब लावली?" मी होय म्हणालो. पडदा बाजूला झाला आणि दानम्माचं डोकं आत आलं. मी घाईनं लुंगी सावरली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू बी तेच लावलास व्हय रे?"

"व्हय, मावशी. चुकलं माझं."

"मग जाऊ दे," ती म्हणाली. "फसवायला दिला न्हाईस. तुलाच कळलं न्हाई." आणि दारातून परत वळून, "आता नातीला काय लावू ते ह्या बाईस्नी इचारून लिहून आण. मला येळ न्हाई."

तेव्हापासून मी संशोधनात आहे. दोन प्रकारच्या गोळ्या आहेत, मला कुठली मिळते ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही (मुद्दाम, म्हणजे कुणी स्वतःची समजूत काढून घेऊ नये). संमती घेऊन रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या, उजव्या अंगाच्याही. सगळं निर्मळ निघालं. त्याचा मला इतका आनंद झाला की परतीच्या गाडीत मी तो कंडक्टरला सांगितला, आणि कंडक्टरनं माझ्याशेजारची सीट रिकामी ठेवली. हिरव्या टोपणाच्या सगळ्या ट्यूबा मी कंपनीला परत पाठवल्या. मारोती आणि संगमेश्वर अमावास्येला रुसून बसले, पण आले. आता चिठ्ठी मागतो. गिऱ्हाईक चिडतं, समोरच्या दुकानात जातं, थोड्या दिवसांनी जास्त खाजवत परत येतं, मग मी त्याला बीदरचा पत्ता देतो. दानम्माच्या नातीचा चेहरा सुधारलाय. माझं वर्तुळ चहाच्या बशीएवढं होतं, ते आता शर्टाच्या बटणाएवढं राहिलंय. दुकानात मी सरळ उभा राहतो. बरं चाललंय, दाजी. खरंच बरं चाललंय.

तुमचा मेहुणा,
अंकुश

ता. क. संशोधनाच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे: आजाराच्या आसपास तुमचे कपडे आणखी कुणी वापरले? सही करून खरं लिहावं लागतं. आपल्या शिवप्रसादच्या वास्तुशांतीला तुम्ही माझी चौकडीची लुंगी नेसला होता, म्हणून तुमचं नाव लिहिलं. मंगळवारी सकाळी दवाखान्याचा माणूस तुमच्या घरी येईल. त्याच्या बॅगेवर विभागाचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. त्या दिवशी स्टँडवर जाऊ नका, एवढी विनंती.

ता. क. दुसरा. शोभानं आत्ता हे पत्र वाचलं आणि म्हणाली, लुंगी आधी दाजी नेसले, मग तुम्ही. म्हणजे मी तुम्हाला दिलं नाही, तुमच्या घरातून मला आलं. आणि हे मी तुम्हाला सांगितलं असं कुठं बोलू नका: अक्कालाही गजकर्ण आहे, दोन वर्षांपासून, तिनंच शोभाला सांगितलं. तुम्हाला कळलं तर काय म्हणाल म्हणून ती गप्प आहे, आणि तुम्हीही लपवून खाजवता हे तिनं केव्हाच बघितलंय. तिला काही विचारू नका. मंगळवारच्या आधी तुम्ही फक्त तुमचं सांगा. मग ती सांगेल.