नीराआजी हळदीला येणार आहे

उरण,
२१ एप्रिल २०२५

प्रिय मितेश,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, तुला टोचलं तर टोचू दे.

तू खुशाल असशील. तुझ्या आईचे, केसरकाकूंचे गुडघे कसे आहेत? तुझे ट्रेलर न्हावा शेव्याला रांगेत उभे असतील आणि तू लग्नाच्या पत्रिका वाटत फिरत असशील. आमच्याकडेही आली, छान छापली आहे. मेलच करणार होते, पण माझ्या मेलमध्ये तू काय काय करतोस ते कळल्यापासून कागद बरा वाटतो.

माझी बातमी अशी की मला नोकरी लागली. व्हिएतनाममध्ये, दा नांगला, मुलांना इंग्रजी शिकवायची. बुधवारी निघते. बाबांनी तिकीट देवापुढे ठेवलंय आणि आईने बॅगेत सुके बोंबील इतके कोंबलेत की कपडे बाहेरच राहिले.

शाळा गेल्या वर्षीचीच. इंग्रजी शिकवण्याचा कोर्स संपल्या संपल्या मी तुझ्या ऑफिसात बसून मुलाखत दिली होती, आमच्याकडे नेट टिकत नाही म्हणून. चहा तूच आणून दिलास. माझा मेल तुझ्या कॉम्प्युटरवर उघडाच राहिला. मग महिनाभर मी वाट पाहिली आणि तू म्हणायचास, “नाय आला काय. आपल्याला कोन घेतंय तिकरं?” मी रडले तेव्हा डोक्यावरून हातही फिरवलास.

या वेळी तिथल्या मुख्याध्यापिकेने पडद्यावर पहिलं विचारलं, लग्न कसं झालं? मी म्हटलं, झालंच नाही. तिला नवल वाटलं. गेल्या वर्षी तिने मला नेमलं होतं, आणि लग्न ठरलंय म्हणून येत नाही, असं मीच कळवलं होतं म्हणे. फार नम्र इंग्रजीत. तुझं इंग्रजी सुधारायला मीच बसायचे.

नोकरी गेली ती लग्नासाठी. आणि तीन महिन्यांनी साखरपुडा मोडताना तुझ्या घरचे म्हणाले, “मास्तरीन नको, डोक्यावर बसंल.” तू खाली मान घालून बसलास. माझा तुझ्यावर जीव होता, मितेश. आई म्हणते राग शांत होईल. मला तो शांत करायचा नाही.

नीराआजीला सगळं सांगितलंय. माझी आजी असली तरी ती गावची धवलारीण आहे. तिने लग्नाची गाणी, धवले, गायल्याशिवाय तुमच्या घरात कुणाला हळद लागलेली नाही, आणि केसरकाकू तिला दारातून परत पाठवायच्या नाहीत. हळदीच्या गाण्यात नवऱ्याच्या खोड्या काढतात आणि कुणी रागवायचं नसतं, हे तुला मी सांगायला नको. आजी म्हणाली, “हलदीचे मांडवान धवलारनीचा तोंड कोन धरतंय? त्याचा इंग्रजी पन गाईन.”

तुझ्या नवरीच्या, सुचिताच्या मांडवातही तीच गाणार. सुचिताने याच कोर्सला नाव घातलंय ना? तिचा मेल कुणाच्या कॉम्प्युटरवर उघडा आहे, तेवढं ती गाणं ऐकल्यावर बघेल.

तू आधी स्वतः तिला सांगितलंस तर आजी ते कडवं गाळेल, असं लिहायला बसले होते. नाही लिहीत. आजी गाणारच. तू सांगितलंस तर सुचिता ते दुसऱ्यांदा ऐकेल, इतकंच.

केसरकाकूंना नमस्कार. हळद अंगभर लावून घे.

जिच्या नावाने तू एकदा सही केलीस, ती
प्राप्ती