उरलेली गाठ मेलवर

ता. ४

चि. भिंगरीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

शेवटी त्या पेशंटला वेटिंगरूममधल्या खुर्चीसकट आत घेतलं. पुढून मी धरलं, मागून रिसेप्शनच्या बाईंनी. बँकेतला कारकून, अंगाने बेताचा. खुर्ची मात्र सागवानी. डावा हात खुर्चीच्या हाताला पक्का बांधलेला आणि उजव्या हातात तुझं पुठ्ठ्याचं कार्ड. तू लिहिलं आहेस की गाठ मारून बघा, सोडवायची कशी ते मेलवर, त्यासाठी खाली मेलचा पत्ता द्या. त्याने आधी गाठ मारली आणि मग खालची ओळ वाचली. माणसं सूचना अशीच वाचतात. माझ्या गोळ्यांचंही तेच होतं.

हा गृहस्थ यापूर्वी दोनदा मशीनचा आवाज ऐकून पळाला होता. या वेळी ती सोय नव्हती. इतका स्थिर पेशंट मला मिळालेला नाही. रूट कॅनल निवांत झालं.

पत्ता त्याने लगेच दिला. पण फोन डाव्या खिशात. बाईंनी दुसरीकडे बघत तो काढून दिला, तर तुझा मेल आलेलाच नाही. मग कात्री. जाताना त्याने कापलेली दोरी मागून घेतली. म्हणाला, की सुटते कशी ते कळल्याशिवाय झोप लागणार नाही.

तर वेटिंगरूममधून तुझं पहिलं नाव मिळालं. दोरी संपत आली आहे, आणखी पाठव. कशाला हवी ते दाजींना सांगू नकोस. आणि पत्राऐवजी मेल करत जा असं मला पुन्हा लिहू नकोस. मेलचं खातं बाईंचं आहे. आपल्या घरातलं निम्मं त्यांना आधीच माहीत आहे.

कळावे. लोभ आहेच, दोरी तेवढी वाढव.

तुझा मामा

ता. ७

ती. स्व. मामास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईसमोर उघडलं, ही चूक झाली. तिने खुर्चीपर्यंत वाचलं आणि विचारलं, की आजोबांची ती खुर्ची मोडली तर नाही ना. पेशंटची चौकशी केली नाही.

मेल गेला होता. तो त्याच्या स्पॅममध्ये पडला. त्यात 'हो, मला हवं आहे' असं एक बटण असतं. ते माणसाने स्वतः दाबलं तरच नाव यादीत येतं, आणि तेव्हाच कार्डावरची गाठ सोडवायची रीत मिळते. त्याने दुसऱ्या दिवशी दाबलं. यादीत त्याच्याआधी तीन नावं होती. एक मी. एक माझ्याच जुन्या नोकरीतला पत्ता, जो आता कोणी उघडत नाही. एक मैत्रीण, तिने नाव काढून घेतलं, म्हणाली, की रोज भेटतेस तर रोज सांग. म्हणजे हा पहिला परका माणूस. त्याचा पत्ता मी उगाचच दोनदा वाचला.

आईने तुला बाबांची अट अर्धीच सांगितली आहे. नोकरी सोडून मी गाठींची वेबसाइट काढली हे बाबांना पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, आपण दोरखंडाचे व्यापारी. दोरी विकावी, गाठ ज्याची त्याने मारावी. महिनाअखेर शंभर माणसं यादीत हवीत. नातेवाईक चालणार नाहीत, मैत्रिणी चालणार नाहीत, स्वतःहून मागणारी हवीत. नाही जमलं तर वेबसाइट बंद आणि एक तारखेपासून मी दुकानात.

दर शनिवारी मी यादीतल्यांना एक नवी गाठ पाठवते. ती सोडवायची रीत पुढच्या शनिवारी. नाहीतर पुढचा मेल कोण उघडेल? बाबा याला लबाडी म्हणतात.

दोरी पाठवते आहे. पण माणसं बांधू नकोस. कार्डं टेबलावर ठेव आणि बाजूला हो. बाजूला होणं तुला जमत नाही, असं आईचं म्हणणं आहे. माझं काही म्हणणं नाही.

लोभ करावा, पण खुर्चीत बसवून करू नये.

तुझी भिंगरी

ता. १४

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

तू सांगितलंस म्हणून मी बाजूला झालो. पेशंटच्या डोक्यामागे उभा राहिलो, म्हणजे त्याला मी दिसत नाही. तिथून प्रत्येकाला रीतसर विचारतो, की माझ्या भाचीचा मेल तुम्हाला हवा आहे का. प्रत्येक जण 'आ' म्हणतो. आठवडाभरात एकानेही नकार दिलेला नाही. बाई अपॉइंटमेंटच्या वहीतून पत्ते उतरवून तुझ्या वेबसाइटवर भरतात. तीस-पस्तीस झाले असतील. बाईंना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, तोंडात कापूस असताना माणसाला दुसरं काय म्हणता येणार? मी त्यांना सांगितलं, की नको असेल तर मान हलवता येते. नंतर आठवलं, मान हलवू नका असंही मीच सांगतो.

तुझी दोरी दोन दिवसांत संपली. मग दातांत फिरवायचा दोरा कापून ठेवला. त्याला पुदिन्याचा वास आहे. शाळेच्या मुख्याध्यापिका आणि कोपऱ्यावरचे शिंपी एकाच वेळी आले होते. एका बाहीवरून त्यांची बोलचाल बंद आहे. तुझी दोन मनगटांची गाठ दोघांना करून बघायची होती आणि तिसरं कोणी नव्हतं. तो दोरा काही सुटेना. कात्री उकळत होती. दोघं एका बाकावर हातात हात घालून बसले आणि नाइलाजाने बोलू लागले. बाही पुन्हा शिवून मिळणार आहे. पत्ता मात्र त्यांनी दोघांत एकच दिला.

शंभराची काळजी सोड.

कळावे. उत्तर सवडीने, कौतुक ताबडतोब.

तुझा मामा

ता. १८

ती. स्व. मामास, सा. न. वि. वि.

कौतुक नाही.

तुझ्या 'आ'वाल्यांपैकी एकानेही बटण दाबलं नाही. एकाने उत्तर पाठवलं. त्यात कवळी कधी मिळणार असं विचारलं आहे. काहींनी तक्रार केली. अशा तक्रारी वाढल्या, की मेल पाठवणारी कंपनी खातंच बंद करते. मी सगळ्यांची माफी मागितली आणि नावं काढून टाकली. तुझ्या वतीनेही मागितली. आता यादीत अठरा माणसं आहेत. दातांच्या दोऱ्याची गाठ सुटत नाही, हे मी मुख्याध्यापिकांना वेगळं कळवलं. त्यांनी बटण दाबलं. शिंप्यांनीही दाबलं, स्वतःच्या पत्त्यावरून.

बाबा तयारीला लागले आहेत. दुकानात त्यांनी गल्ल्याशेजारी जागा केली आहे. तिथे सुतळीचे गठ्ठे होते, ते माळ्यावर गेले. काल एक नवं स्टूल आणलं. उंची विचारली नाही, तरी बरोबर माझ्याच मापाचं आहे. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

वेबसाइट बंद झाली तर दुकानात बसायला मला लाज वाटणार नाही. पण शनिवारी सकाळी मेल पाठवल्यावर मी खिडकीशी उभी राहते. तेवढ्या वेळात कुठेतरी अठरा माणसं दोरी शोधत असतात. ते मला सोडवत नाही.

बाबांची दाढ दुखते आहे. ते सांगत नाहीत, पण आठवडाभर एकाच बाजूने जेवतात. आई त्यांना तुझ्याकडे पाठवणार आहे. तुला एकच विनंती, त्यांना काही विचारू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे. वाढवू नकोस, भीती वाटते.

तुझी भिंगरी

ता. २५

रा. रा. डॉक्टरसाहेब यांस, स. न. वि. वि.

काल आपण माझी दाढ काढलीत. दाढेबद्दल तक्रार नाही. तक्रार त्याच्या आधीची आहे.

इंजेक्शन देऊन आपण मला बधिर होईपर्यंत बाहेर बसायला सांगितलंत. टेबलावर ती कार्डं होती. शेजारचे गृहस्थ गाठ चुकीची मारत होते. मी दोरीत जन्म काढला. बघवेना. त्यांच्या हातातून दोरी घेतली आणि एकदा नीट मारून दाखवली. मग पलीकडच्या बाईंनी मागितली. थोड्या वेळाने सगळी वेटिंगरूम माझ्याभोवती. एकाला त्याच्या छत्रीला बांधलं, एकीला तिच्या पर्सला. हे मी हौसेने केलं नाही. एकदा सुरू केलेलं काम अर्धं टाकू नये एवढंच.

सोडवायची कशी, असं सगळ्यांनी एकदम विचारलं. मला सांगायचं होतं, की पत्ता देऊ नका, मी सोडवून देतो. तोपर्यंत जीभ गेली होती. तोंडातून आलं ते 'आ'. आपल्या बाईंनी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, की काका हो म्हणताहेत, पत्ते द्या. मी उभा राहून दोन्ही हात हलवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी माझाही पत्ता विचारला. मी पुन्हा 'आ' म्हटलं. मग त्यांनी वहीत बघितला.

हे सगळे पत्ते मोजू नयेत, अशी सूचना आहे. बधिरपणा उतरला, राग उतरलेला नाही. आपल्या ताईला यातलं काही कळवू नये. ती आठवडाभर हसेल.

कळावे. लोभ होता, आहे. तूर्त दुसऱ्या बाजूने.

आपला मेहुणा

ता. ३०

ती. स्व. मामास, सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र तू आईला पाठवलंस. ती अजून हसते आहे.

त्या दिवशीच्या सगळ्यांनी बटण दाबलं, छत्रीवाल्याने सर्वांत आधी. त्यांनी घरच्यांना सांगितलं, घरच्यांनी शेजाऱ्यांना. बँकेतल्या कारकुनाने अख्ख्या शाखेला या नादाला लावलं. तिथे परवा दुपारी कॅशियर बांधलेला होता. तरी आज संध्याकाळी यादी चौऱ्याहत्तरवर थांबली. त्याशिवाय एक पत्ता दुकानाचा आहे. बटण दाबलेलं आहे. तो मी धरला नाही. अट त्यांचीच आहे.

तेव्हा हरले. जेवताना बाबांना आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि आमटी मागितली. उद्यापासून दुकानात. तू वाईट वाटून घेऊ नकोस. चौऱ्याहत्तर माणसं आपणहून हो म्हणाली, आणि त्यातल्या एकाच्याही तोंडात तेव्हा कापूस नव्हता.

आईचा नमस्कार. ती म्हणते, खुर्ची तेवढी जप.

लोभ असू दे, आता वाढवलास तरी चालेल.

तुझी भिंगरी

ता. १, सकाळी

पाकीट बंद करायचं राहिलं होतं, म्हणून एवढं लिहिते. आठला दुकानात गेले. शटर अर्धं वर होतं. बाबा माझ्या स्टुलावर बसले होते. उजवा हात स्टुलाच्या पायाला बांधलेला, शनिवारच्या गाठीने. कात्री हाताशी होती, पण चांगली दोरी सोयीसाठी कापायची नाही हा त्यांचा नियम आहे. सुटते कशी, असं त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं. मी सांगितलं, की ते येत्या शनिवारच्या मेलमध्ये आहे. त्यांनी बांधलेला हात एकदा ओढून बघितला. मग विचारलं, की आणखी किती जण असे बसले असतील. मी आकडा पुन्हा सांगितला. ते म्हणाले, की गिऱ्हाईक अडकलेलं असताना दुकान बंद करता येत नाही. मी घरी जावं आणि शनिवारचं लिहायला घ्यावं. मी सोडवायला वाकले, तर नको म्हणाले. बाकीच्यांच्या आधी नंबर लावणं त्यांना बरं वाटेना. मी शटर पूर्ण वर केलं आणि निघाले. पहिलं गिऱ्हाईक आलं, तेव्हा दोरी त्यांनी डाव्या हाताने मोजून दिली.