शेवटची वाफ

प्रिय आउलिस,

रुसलायस, ठाऊक आहे मला. शब्द तुझे, गाणार तू, आणि अल्बमची नऊ गाणी वाजवून झाली तरी आम्ही तुला एकही ऐकवलं नाही. उर्हो म्हणतो, "येऊ दे ना त्याला, त्याच्या बापाचीच तर सौना आहे!" तो ढोल बडवतो तसाच बोलतो.

तुझा भाऊ तोइवो तळ्यात बुडाल्यावर दुसरा अल्बम करायचा तर त्याच तळ्याकाठच्या तुमच्या सौनातच, हा हट्ट तुझाच. शनिवारी घरचे, शेजारचे वाफेची आंघोळ उरकून गेले की भट्टी मंदावते आणि त्या उबदार लाकडी खोलीत ढोल असा घुमतो की बस! पहिल्याच शनिवारी तुझ्या बाबांनी भट्टीवर ओतायच्या पाण्याची बादली भरून बसायच्या फळीपाशी ठेवली. म्हणाले, "शेवटची वाफ आपली नसते, पोरी. गेलेल्यांची असते. चला बाहेर." उर्हो हसला, "काका, त्यांनाही ऐकू द्या की थोडं!" मलाही हसू आलं. बाबा बाहेर पडले, आम्ही आतच राहिलो आणि टेप सुरू केली. मग दर शनिवारी तेच.

त्या टेपवर गाणं नव्हतंच, नुसता ढोल आणि माझा बास. तरी दुसऱ्या दिवशी टेप ऐकताना मागून कुणीतरी गुणगुणताना ऐकू आलं. उर्होला वाटलं मी, मला वाटलं तो. पुढच्या गाण्यात शब्द कळू लागले. तुझेच, पण तू ते आम्हाला अजून पाठवलेही नव्हतेस. गाण्यागणिक आवाज माईकजवळ येत गेला. ओळ संपताना नाकातून हसायची ती खोड आणखी कुणाची असणार? तोइवोच तो. खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी मला आनंदच झाला, मी ढसाढसा रडले. बाबांना ऐकवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोराचा घसा बसलाय."

येत्या शनिवारी तू नववं गाणं गायला येणार आहेस. ते आम्ही गेल्या आठवड्यात वाजवलं. त्यात तोइवो एकटा नाही. त्याच्या शेजारी तू गातोयस, धापा टाकत, तोंडात पाणी गेल्यासारखा. आणि तू तर तेव्हा दूर तुर्कू शहरात होतास. येऊ नकोस, आउलिस. अल्बम आहे तसा निघू दे, आपला शेवटचा. मला शिव्या घाल, जन्मभर बोलू नकोस, पण तळ्याकडे फिरकू नकोस. रागावलेला का होईना, तू मला हवा आहेस.

काळजीने अर्धी झालेली,
तुझीच
एरिका